मामा, तुझं घरच चुकीचं आहे

परवाच्या शनिवारी भाची राहायला आली होती. सहावीत आहे. आल्या आल्या बॅग सोफ्यावर टाकली, माझा लॅपटॉप ओढून घेतला आणि म्हणाली, "मामा, तुला एक जादू दाखवते."

जादू म्हणजे तिने कोडिंगच्या क्लासमध्ये केलेला स्क्रॅचचा प्रोजेक्ट. टाळी वाजवली की पडद्यावरची मांजर उडी मारते. तिने प्रोजेक्ट उघडला, हिरवा झेंडा दाबला आणि टाळी वाजवायला हात वर केले... तर मांजर आधीच उड्या मारायला लागलेली! थांबेचना. भाचीने ठोकळे तपासले, पुस्तिका काढून ताडून बघितलं. सगळं जिथल्या तिथे. मग माझ्याकडे वळून तिने निकाल दिला, "प्रोग्रॅम बरोबर आहे मामा. तुझं घरच चुकीचं आहे."

मी पोट धरून हसलो. पण नंतर वाटलं, हिने नकळत फार मोठी गोष्ट सांगितली. आमच्या धंद्यातली निम्मी भांडणं याच वाक्याची असतात. ("माझ्या मशीनवर तर चालतंय!" आठवलं का? :-))

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्क्रॅच ही एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक आणि त्यांच्या गटाने तयार केलेली, २००७ साली सगळ्यांसाठी खुली झालेली फुकट भाषा. यात कोड टाईप करायचा नसतो, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. त्यात 'लाउडनेस' नावाचा एक ठोकळा आहे. लॅपटॉपचा माईक जे ऐकतो त्याचा तो ० ते १०० मधला एक आकडा देतो. (हे डेसिबल नव्हेत, स्क्रॅचची स्वतःची पट्टी आहे.) भाचीचा प्रोग्रॅम असा होता: आकडा १० च्या वर गेला की उडी. क्लासमधल्या बंद, शांत खोलीत तो चालला. आमच्या हॉलमध्ये डोक्यावर पंखा गरगरत होता. पंख्याचाच आकडा १० च्या वर जात होता, मग मांजर बिचारी काय करणार?

मी विचारलं, "हे १० कुठून आलं गं?"

"पुस्तिकेत लिहिलंय."

माझं सगळं म्हणणं या एका उत्तराभोवती आहे. नवशिक्यांना सेन्सर शिकवायचेच, आणि लवकर शिकवायचे, या मताचा मी आहे. पण ज्या पद्धतीने ते सर्रास शिकवले जातात, त्यात सेन्सरमधली शिकण्यासारखी गोष्टच काढून टाकलेली असते. ती गोष्ट म्हणजे हे १० कुठून आलं.

बघा, पडद्यावरची मांजर ही अत्यंत आज्ञाधारक. दहा पावलं चाल म्हटलं की दहाच चालते. तिथे चूक झाली तर ती नेहमी तुमचीच असते, आणि ठोकळे बघून सापडते. सेन्सर जोडला की पहिल्यांदा असं होतं की प्रोग्रॅम शंभर टक्के बरोबर आणि उत्तर साफ चूक. बाहेरचं जग आत आलेलं असतं आणि त्याने पुस्तिका वाचलेली नसते.

तर रविवारी सकाळी आम्ही नवीन प्रोजेक्ट घेतला: कुकरच्या शिट्ट्या मोजणारं यंत्र. लॅपटॉप स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर. माझी अट एकच, पहिला अर्धा तास एकही ठोकळा जोडायचा नाही. लाउडनेसच्या पुढच्या चौकोनात टिक केली की आकडा पडद्यावर दिसत राहतो, तेवढाच बघायचा आणि वहीत लिहायचा. पंखा बंद: २-३. पंखा चालू: ११ ते १४. आम्ही बोलत असताना: तिसाच्या आसपास, आणि सारखा वरखाली. शिट्टी: सत्तरच्या वर. मिक्सर: ऐंशी! भाचीचा चेहरा बघण्यासारखा होता. "मामा, आकडा स्थिर का नाही राहत?" कारण जगच स्थिर नाही बाई.

मग तिने ५० ही रेघ ठरवली. वहीत बघून, स्वतः. प्रोग्रॅम लिहिला: कायम बघत राहा, आकडा ५० च्या वर असेल तर मोजणीत एक मिळव. पहिली शिट्टी झाली आणि मोजणी १०४! स्क्रॅचचं हे कायम चालणारं चक्र सेकंदाला साधारण ३० वेळा फिरतं. शिट्टी तीन-चार सेकंदांची, आणि दर फेरीला प्रोग्रॅम इमानदारीत "शिट्टी आहे, शिट्टी आहे" म्हणत होता.

तिने पाचेक मिनिटं डोकं खाजवलं आणि तोडगा काढला: आवाज रेघेच्या खालून वर गेला तरच मोजायचं. सुंदर! पण पुढच्या डाळीला चार शिट्ट्यांच्या सात झाल्या. शिट्टी काही सरळ रेषेत वाजत नाही. ती फुसफुसते, चढते, मध्येच दबते, परत चढते. आकडा ५० च्या रेघेवर लोंबकळतो आणि प्रत्येक लोंबकळण्याला एक शिट्टी मोजली जाते.

यावर उपाय म्हणजे एकाऐवजी दोन रेघा. ६० च्या वर गेला तर शिट्टी मोज, पण तो ३० च्या खाली येईपर्यंत पुढची शिट्टी मानूच नकोस. पुस्तकात याला हिस्टेरिसिस म्हणतात. हा शब्द मी तिला सांगितला नाही. फ्रीज दाखवला. फ्रीजचा कॉम्प्रेसर एका तापमानाला बंद होतो आणि त्याहून थोड्या वरच्या तापमानाला चालू होतो. दोन्हीला एकच आकडा ठेवला असता तर दिवसभर टक-टक करत बसला असता. "म्हणजे फ्रीजलाही दोन रेघा आहेत!" हे तिचं वाक्य ऐकून मला जो आनंद झाला तो कुठल्याही सर्टिफिकेटने झाला नसता.

खरं सांगायचं तर हे मला स्वतःला कॉलेजात परीक्षेपुरतं कळलं होतं. नीट कळलं ते नोकरीत. सर्व्हरवरचा भार एका रेघेवर लोंबकळत होता आणि रात्री तीन वाजल्यापासून माझा मोबाईल "बिघडलं", "सुधारलं", "बिघडलं" असा कोकलत होता तेव्हा. सहावीतल्या मुलीला तेच एका डाळीत कळलं.

आता लोक म्हणतील, सुरुवातीलाच एवढा गोंधळ दाखवला तर मुलं घाबरतील. मुद्दा खरा आहे. सेमूर पेपर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये लोगो भाषा केली तेव्हापासून या परंपरेचं तत्त्वच आहे की उंबरठा ठेंगणा हवा आणि छत उंच. पहिल्या दिवशी मूल अडखळता कामा नये. म्हणूनच तयार ठोकळे असतात. बीबीसीचा मायक्रोबिट घ्या. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांना हे बोर्ड जवळपास दहा लाखांच्या संख्येने फुकट वाटले गेले. तो स्क्रॅचला जोडला की "हलवला की" असा ठोकळा मिळतो. किती हलवला म्हणजे हलवला, हे आतल्या आत ठरलेलं. पहिल्या दिवसासाठी हे झकास आहे. माझी तक्रार ठोकळ्याशी नाही. तक्रार अशी की दहाव्या दिवशीही आपण तिथेच असतो.

कारण झाकण उघडलं की आत गंमत आहे. मायक्रोबिट मेककोडमध्ये उघडा आणि हालचालीच्या सेन्सरचा कच्चा आकडा बघा. बोर्ड टेबलावर निपचित पडलेला असतो, तरी एक आकडा हजाराच्या आसपास दिसतो (अधिक की उणे, ते तो उताणा की पालथा यावर). हलत नाही तर शून्य का नाही? कारण ते गुरुत्वाकर्षण आहे! किंवा तापमान बघा. खोलीपेक्षा जास्त दिसतं, कारण हा आकडा मुळात बोर्डवरच्या चिपच्या आतलं तापमान असतो, खोलीचा अंदाज त्यावरून करायचा. ज्या मुलाला "हे चूक दाखवतंय" असं वाटून घरातला साधा थर्मामीटर शेजारी ठेवावासा वाटला, ते मूल विज्ञान शिकलं. ज्याने "खोलीचं तापमान ३१" असं चार्टपेपरवर लिहून बक्षीस घेतलं, ते फक्त ठोकळे जोडायला शिकलं.

यात काय एवढं, असं वाटेल. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियात आणि २०१९ च्या मार्चमध्ये इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमानं कोसळली. मिळून ३४६ माणसं गेली. विमानाचं नाक किती वर आहे ते सांगणारे सेन्सर विमानावर दोन होते, पण नाक आपोआप खाली ढकलणारी प्रणाली एका वेळी त्यातल्या एकाचंच ऐकायची. त्या एकाने चुकीचा आकडा दिला आणि सॉफ्टवेअरने सांगितलेलं काम चोख केलं. अपघाताला इतरही कारणं होती, मान्य. पण "हा आकडा खोटा असला तर?" हा प्रश्न जिथे विचारायला हवा होता, तिथे तो पुरेसा विचारला गेला नाही.

आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आलं. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार अटल टिंकरिंग लॅब उघडण्याची घोषणा झाली. चांगलंच आहे. पण पेटीतलं सामान जोडून, पुस्तिकेतला आकडा टाकून, पाहुण्यांसमोर दिवा लावून दाखवला की झालं, असं होणार असेल तर पन्नास हजार ठिकाणी पुस्तिकेतला १० च पोचेल.

तर आई-बाबा मंडळी (आणि माझ्यासारखे मामा-काका), किट विकत घ्यायच्या आधी लॅपटॉपचा माईक वापरून बघा, तोही सेन्सरच आहे. पोरांना आधी आकडा बघू द्या, वहीत लिहू द्या, मग ठोकळे. आणि पुढच्या वेळी क्लासच्या प्रदर्शनाला गेलात तर टाळ्या वाजवून झाल्यावर एकच प्रश्न विचारा: "हा आकडा कसा ठरवलास?" उत्तर "पुस्तिकेत होता" असं आलं तर फी कशाची भरतोय याचा विचार करा.

असो. आमच्या यंत्राचं पुढे काय झालं? दोन रेघांनंतर शिट्ट्या बिनचूक मोजायला लागलं. भाची नाचायला लागली. तेवढ्यात आईने चटणीसाठी मिक्सर लावला आणि मोजणी चारची पाच झाली. आतून आईचा आवाज आला, "चार झाल्यात रे, मघाशीच गॅस बंद केलाय मी."

भाची मिनिटभर पडद्याकडे बघत राहिली. या वेळी घराला दोष दिला नाही. म्हणाली, "मामा, मिक्सर किती सेकंद चालतो, ते मोजूया का?"