रिकाम्या घरांचा ठेका

यंत्रातून निघालेले संगीत हे संगीतच नव्हे, असे आपल्या घरांतून आजही मोठ्या ठामपणे सांगितले जाते. मुलगा किंवा मुलगी संगणकापुढे बसून तासभर तोच तो ठेका वाजवीत असेल, तर 'यात कसली आली आहे कला, सारे यंत्रच तर करते!' हा शेरा ठरलेला. हा शेरा एकदा तपासून पाहावा असे मला वाटते. त्यासाठी मी मुद्दाम 'डबस्टेप' या प्रकाराचे उदाहरण घेतो. कारण वडीलधाऱ्यांची नाके मुरडायला लावण्यात त्याचा दणदणाट कुठेच मागे नाही.

हा प्रकार जन्मला दक्षिण लंडनमध्ये, २००० सालाच्या आसपास. त्याचे मूळ मात्र जमैकात आहे. तेथील किंग टबी या ध्वनितंत्रज्ञाने १९७०च्या दशकात ध्वनिमुद्रित गाण्यांतला गळा मागे सारून ताल आणि खर्ज पुढे आणला. या 'डब'ची गोडी कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कुटुंबांबरोबर लंडनला पोहोचली. क्रॉयडन उपनगरातील 'बिग ॲपल' या तबकड्यांच्या दुकानाभोवती जमणाऱ्या तरुणांनी तिला नवे वळण दिले. स्क्रीम आणि बेंगा या नावांनी पुढे गाजलेले दोघे तेव्हा कोवळ्या वयाचे होते. त्यांच्या हाताशी वादकांचा ताफा नव्हता. होता तो संगणक आणि त्यावरील 'फ्रूटीलूप्स' ही प्रणाली.

या प्रणालीत पडद्यावर प्रत्येक वाद्यासाठी एक ओळ असते आणि ओळीत सोळा घरे. घर भरले की आघात, रिकामे ठेवले की शांतता. डबस्टेपची गती मिनिटाला साधारण १४० ठोक्यांची. म्हणजे सोळा घरांचे एक आवर्तन पावणेदोन सेकंदांच्या आतच संपते! नेहमीच्या नाचाच्या संगीतात मोठ्या ढोलाचा, म्हणजे 'किक'चा, ठोका दर चार घरांनी पडतो. डबस्टेपच्या साध्या ठेक्यात तो पहिल्या घरावर पडतो आणि 'स्नेअर'चा कडक आघात थेट नवव्यावर. त्यामुळे झांजांची बारीक किणकिण १४०च्या गतीने धावत असली, तरी पाय ७०च्या संथ चालीने पडतात. एकाच वेळी द्रुत आणि विलंबित!

तबला ऐकत वाढलेल्या माणसाचे कान येथे टवकारतातच. आपल्या त्रितालाच्या मात्राही सोळाच. पहिलीवर सम, नववीवर खाली. हा योगायोग आहे, नाते नव्हे. क्रॉयडनच्या मुलांनी त्रितालाकडे पाहून ठेका बांधलेला नाही. परंतु आवर्तनाचे अर्धे अंतर ओलांडल्याची खूण दोन्हीकडे लागते. आपल्याकडे खालीच्या विभागात डग्ग्याची घुमणारी आस मिटते. तिकडे किक गप्प राहते आणि स्नेअर एकटा बोलतो.

माझा भाचा पुण्यात असे ठेके बांधतो. एकदा त्याने सोळाही घरे गच्च भरून मला ऐकवली. मग एकेक आघात पुसत गेला आणि म्हणाला, "मामा, आता ऐक." चारच आघात उरले होते, आणि खोलीत प्रथमच तो खोल खर्ज जाणवू लागला. कारण उघड आहे. सेकंदाला ४० ते ६० कंपनांचा हा खर्ज आणि किकचा घुमारा एकाच प्रदेशात राहतात. दोघे एकदम बोलू लागले की नुसता चिखल होतो. म्हणून घरे रिकामी ठेवावी लागतात. मोबाइलच्या इवल्या कर्ण्यातून हा खर्ज ऐकूच येत नाही. आपल्यापर्यंत येते ती केवळ टिकटिक, आणि तिच्यावरून आपण निकाल देऊन मोकळे होतो.

घरे निवडली म्हणजे काम संपले असेही नाही. प्रत्येक आघाताचे बळ १ ते १२७ या मापात ठरवावे लागते. सारे आघात एकाच बळाचे ठेवले तर ठेका निर्जीव वाटतो. एखादी झांज सेकंदाचा दहा-पंधरा सहस्रांश मागे सरकवली, तर तोच ठेका डुलू लागतो. बरियल हा लंडनचा कलावंत तर घरांची चौकटच नाकारून ध्वनिलहरींच्या आलेखावर एकेक आघात कानाने बसवीत असे. त्याचा २००७चा 'अनट्रू' हा संग्रह २००८च्या मर्क्युरी पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोहोचला होता. हे सारे यंत्राने केले, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

यंत्राविषयीचा आपला राग तसा जुनाच. बाजाची पेटीही परदेशातून आली. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, म्हणून १९४०मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत टिकली. मराठी नाट्यसंगीताचे मात्र पेटीवाचून पान हलले नाही. आज तर कित्येक गायक विजेवर चालणाऱ्या तंबोऱ्यावर रियाज करतात.

मला डबस्टेप सगळाच आवडतो असे नाही. त्यातला बराचसा भाग कानठळ्या बसवणारा आहे. पण माझी खरी काळजी वेगळीच आहे. आता तयार ठेके विकत मिळतात, आणि चार शब्दांची आज्ञा दिली की अख्खे गाणे रचून देणारी यंत्रेही आली आहेत. कोणते घर रिकामे ठेवायचे हा निर्णयही यंत्रावर सोपवला, तर मात्र आपला तो नेहमीचा शेरा खरा ठरेल. तयार ठेका घ्यायला हरकत नाही. पण तो मोडून, पुसून, पुन्हा बांधून पाहण्याचा कंटाळा करू नये, एवढे तरुणांना सांगावेसे वाटते.

आणि पालकांनी? त्यांनी दार लावून घेण्याऐवजी एकदा शेजारी बसावे, आवाज बेताचा ठेवून चांगल्या ध्वनिवर्धकावर तो ठेका ऐकावा आणि मुलाला एवढेच विचारावे, "यातले काय काय पुसलेस, आणि का?" त्याला उत्तर देता आले, तर त्याचा रियाज चालू आहे असे खुशाल समजावे.