मार्क बेताचे, सुट्टी मोठी

दिवाळी झाली की नात्यातल्या, ओळखीतल्या बीएस्सीच्या मुलांचे फोन सुरू होतात. "मावशी, उन्हाळ्यात कुठे रिसर्चचं काम मिळेल का?" आणि मग आवाज खाली आणून, "मार्क बेताचेच आहेत गं."

तीन विज्ञान अकादमींची मिळून दोन महिन्यांची समर फेलोशिप असते, टीआयएफआरचा व्हीएसआरपी असतो. तिथे अख्ख्या देशातून अर्ज येतात. चाळणी कशाची तरी लावावी लागते, आणि मार्क हाताशी असतात. मला त्यात अन्याय वगैरे वाटत नाही. अर्ज जरूर करावा, पण सगळी सुट्टी त्या भरवशावर टांगून ठेवू नये.

मी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे वर्षानुवर्षं पडून राहिलेलं काम म्हणजे परागकणांच्या स्लाइड मोजणं, वाळवलेल्या नमुन्यांवरच्या किरट्या अक्षरातल्या चिठ्ठ्या वाचून एक्सेलमध्ये भरणं. ह्याला चिकाटी लागते. ती मार्कलिस्टवर छापून येत नाही.

दर जानेवारीत मला ढीगभर मेल येतात. 'रिस्पेक्टेड सर' (मी बाई आहे!), आणि पुढे शंभर जणांना पाठवलेला तोच मजकूर. ते मी वाचतही नाही. पण मध्यंतरी एका मुलाने चार ओळी लिहिल्या. तुमच्या लेखातला दुसरा तक्ता कळला नाही, आमच्या शेताच्या बांधावर बहाव्याची सात झाडं आहेत, सुट्टीभर रोज बघून लिहून ठेवू शकतो. शेवटी स्वतःहूनच, "मला ५८ टक्के आहेत." मी त्याला लगेच फोन केला. जूनमध्ये तो वही घेऊन आला. कळी कधी, फूल कधी, शेंग कधी, सगळं तारीखवार. चार दिवस कोरे होते, आणि त्यांच्यापुढे 'ताप' असं प्रामाणिकपणे लिहिलेलं.

(पैसे घेऊन 'इंटर्नशिप'चं सर्टिफिकेट देणारे बरेच निघालेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यापेक्षा 'सीझनवॉच'वर दारातल्या झाडाच्या नोंदी दर आठवड्याला करा, फुकट आहे आणि खऱ्या अभ्यासाला उपयोगी पडतं.)

मला सलतं ते वेगळंच. अकादमींच्या फेलोशिपमध्ये विद्यावेतन मिळतं. असं पत्र लिहून मिळवलेलं काम बहुधा बिनपगारी. मग ज्याची आत्या पुण्यात राहते तो येतो, आणि नांदेडची मुलगी, काम मिळूनही, दोन महिन्यांचं खोलीभाडं आणि मेसचा हिशोब करून "नको" म्हणते. मागच्या दोन वर्षांत अशा तिघींनी मला नाही म्हटलं. तिघींनाही मी मार्क विचारले नव्हते.

तेव्हा मंडळी, एप्रिल-मेमध्ये कुणाची एखादी खोली रिकामी असेल, आणि एखाद्या मुलीला दोन वेळचं जेवायला घालायची तयारी असेल, तर मला जरूर कळवा. डबा मी देईन आठवड्यातून दोनदा.