माळ राखायचा तर पैसा कुणी मोजायचा?

पाय मोडलेला माणूस सोलापूरच्या दवाखान्यात आणला की बाहेरच्या बाकड्यावर नातेवाइकांचा एकच खल सुरू होतो: प्लेट इंपोर्टेड टाकायची की इंडियन? या इंपोर्टेडमधलं एक बडं नाव सिंथेस. ती कंपनी मोठी करणारे हान्सयोर्ग व्हीस यांचा आपल्या नान्नजच्या माळाशी काडीचा संबंध नाही. तरी आज त्यांना तिथं नेऊन उभं करायचं आहे.

व्हीस 1935 चे, स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे. शिकत असताना 1958 मध्ये कोलोरॅडोच्या रस्ते खात्यात मोजणीच्या कामाला गेले आणि तिथल्या मोकळ्या मुलखानं त्यांना कायमचं बांधून घेतलं. पुढं प्लेटा-स्क्रूंवर अमाप कमावलं. 2012 मध्ये जॉन्सन अँड जॉन्सननं सिंथेस घेतली, तेव्हा सौदा 20 अब्ज डॉलरच्या आसपास गेला. निसर्गासाठीचं फाउंडेशन मात्र त्यांनी 1998 मध्येच काढलं होतं. वाइल्डरनेस सोसायटीसारख्या संस्थांच्या कारभारी मंडळांवरही ते बसले. 2018 मध्ये त्यांनी एक अब्ज डॉलर जाहीर केले: 2030 पर्यंत पृथ्वीचा 30 टक्के भाग राखण्यासाठी.

हा आकडा ऐकून छाती दडपते, पण शिकण्यासारखा आहे तो एक छोटा व्यवहार. वायोमिंगमधल्या होबॅक खोऱ्यात एका तेल कंपनीकडं सुमारे 58 हजार एकर सरकारी जमिनीवर वायू उपसण्याचे पट्टे होते. स्थानिक लोक विरोधात होते, पण कागद कंपनीच्या बाजूनं. ट्रस्ट फॉर पब्लिक लँड या संस्थेनं 2012 मध्ये सरळ भाव ठरवला, 87.5 लाख डॉलर. त्यातले 42.5 लाख व्हीस यांचे. हक्कवाल्याला पैसे मिळाले, पट्टे सुटले.

आपल्याकडं मात्र उलटं झालं. 1979 मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, नान्नजचा माळ त्यातलाच. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून तब्बल साडेआठ हजार चौरस किलोमीटर! नकाशावर रेघ ओढली आणि गावंच्या गावं, ज्वारी-करडईची रानं आत आली. जमीन विकायची, बिगरशेती करायची म्हटलं की अभयारण्य आडवं. वर्षाला बहुधा एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर घालणारा तो बिचारा पक्षी फुकटचा बदनाम झाला. पुढं क्षेत्र कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळढोक नावापुरताच उरला होता.

व्हीस यांची आरती ओवाळायची नाही. नोरियन या सिंथेसच्या उपकंपनीचं हाडांचं सिमेंट मंजुरी नसताना मणक्याच्या ऑपरेशनांत वापरलं गेलं. तीन रुग्ण टेबलावरच दगावले. कंपनीनं गुन्हा कबूल केला, चार अधिकारी तुरुंगात गेले. व्हीस यांच्यावर आरोप ठेवला गेला नाही, पण कंपनी त्यांचीच होती. दानानं हा हिशेब मिटत नाही. त्यांच्याकडून उचलायची ती व्यवहाराची रीत तेवढी.

पैसा आपल्याकडंही आहे. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी लावले, आणि त्यात पर्यावरण बसतं. पण पर्यावरण म्हणजे रोप, खड्डा, फलक आणि फोटो. माळावर झाडी वाढवली तर माळढोक, धाविक, काळवीट यांची मोकळी जागाच जाते, हे ऐकायला वेळ कुणाला? सरकारी दप्तरानं माळाला पडीक ठरवलंय, मग देणगीदाराला तो पडीकच दिसणार.

आपले साखर कारखानदार, टॉवेल-चादरीवाले आणि मोठ्या दवाखान्यांचे मालक देवळाला आणि शाळेला सढळ देतात. त्यांनी नान्नज, मार्डी, अकोलेकाटीच्या शेतकऱ्याशी एकरी करार करावा: पावसाळ्यात गवताचा तुकडा नांगरू नको, तार ओढू नको, दरवर्षीची रक्कम तुझ्या खात्यावर. धनगरांच्या वाड्यांशीही बोलावं. लांडग्यानं मेंढरू नेलं तर भरपाई त्याच आठवड्यात हातात पडावी, पंचनाम्याच्या फेऱ्या नंतर मारता येतील.

— माळकरी