टॉमकाकाचा नकार

टॉमकाकाची गोष्ट मुलांच्या हातीं द्यावी काय, असें एका वाचकभगिनीनें आम्हांस विचारलें आहे. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकच हें नांव लाचार माणसास शिवी म्हणून देतात, हें त्यांच्या वाचनांत आलें.

हॅरिएट बीचर स्टो यांची ही कादंबरी 1851 च्या जूनपासून एका साप्ताहिकांत क्रमशः आली व 1852 च्या मार्चमध्यें पुस्तकरूपानें निघाली; वर्षभरांत अमेरिकेंत 3 लाख प्रती खपल्या. 1849 त बाईंचा तान्हा मुलगा पटकीनें गेला होता. ज्या आईचें मूल बाजारांत विकलें जातें तिचें दुःख आपणांस तेव्हां कळलें, असें त्यांनीं पुढें लिहिलें.

शिवींतला टॉम नाटकवाल्यांनीं घडविला: पिकलेल्या केसांचा, धन्याभोंवतीं घुटमळणारा. पुस्तकांतला टॉम धिप्पाड, लहान मुलांचा बाप आहे. लेग्री त्यास एका अशक्त स्त्रीस फटके मारावयास सांगतो. टॉम साफ नाकारतो. देह विकत घेतलात, आत्मा नव्हे, हें त्याचें उत्तर. पुढें कॅसी व एमेलिन दडून बसतात. ठिकाण ठाऊक असूनही तो सांगत नाहीं, आणि त्याच मारानें मरतो. त्याची ख्रिस्तभक्ति ती हीच. हिला लाचारी कोण म्हणेल?

दोष आहेतच. काळे लोक स्वभावतःच सोशिक, असें बाई समजतात. शेवटीं जॉर्ज हॅरिसला लायबेरियास धाडतात, जणूं अमेरिकेंत त्याला जागाच नाहीं! जेम्स बॉल्डविन यांनीं 1949 त या कादंबरीवर कडक टीका केली, ती वाचण्याजोगी आहे.

आम्हांस मात्र लेग्रीपेक्षां पहिला धनी शेल्बी अधिक अस्वस्थ करतो. सभ्य, दयाळू, घरंदाज गृहस्थ. कर्ज झालें तेव्हां टॉमच्या विक्रीवर सही करतो. लेग्रीला शिव्या देणें सोपें, शेल्बी आपल्या ओटीवर बसलेला दिसतो. 1873 त जोतीराव फुल्यांनीं 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केलें. आमच्यासारख्यांच्या किती फडताळांत तें होतें? टॉमसाठीं डोळे पुसणाऱ्या घरांतही फारसें नव्हतें.

तेव्हां भगिनींनीं दोन्ही पुस्तकें घरांत आणावीं. टॉमच्या मृत्यूचें प्रकरण मात्र मुलांजवळ बसून स्वतः वाचावें.