दुखणं हृदयाचं, इलाज भिंतीचा

माझ्या आजोळी मातीच्या भिंती होत्या. भेग दिसली की आजी लगेच लिंपून टाकायची. तेव्हा तो तिचा नेटकेपणा वाटायचा. ब्राझीलमधल्या खेड्यांची हकीकत वाचली आणि भेग बुजवण्याचं मोल कळलं.

डॉ. कार्लोस शागास लासान्से या गावी गेले ते रेल्वे कामगारांमधला मलेरिया आवरायला. तिथल्या कुडाच्या घरांत, भिंतींच्या भेगांमध्ये, ढेकणासारखा रक्त पिणारा एक किडा राहायचा. रात्री तो झोपलेल्यांच्या चेहऱ्याला चावे, म्हणून लोक त्याला 'न्हावी' म्हणत. त्याच्या विष्ठेतले सूक्ष्म परजीवी माणसाच्या शरीरात शिरतात. या किड्यातले परजीवी माणसाला रोग जडवतात, हे शागास यांनी १९०९ साली दाखवलं.

पुढे कित्येक वर्षं काहीच जाणवत नाही. मग बाधितांपैकी जवळजवळ एकतृतीयांश लोकांचं हृदय खंगत जातं. शेतात राबणारा धडधाकट माणूस एके दिवशी अचानक कोसळतो.

औषध आहे, पण ते लवकर दिलं तर अधिक गुणकारी. घरोघरी फवारणी, भिंतींना गिलावा आणि रक्ताची तपासणी हाच खरा बंदोबस्त. फवारणीच्या जोरावर उरुग्वेने १९९७ मध्ये या किड्याकरवी होणारा प्रसार थांबवला. तरीही जगात आज सुमारे ७० लाख लोक बाधित आहेत.

आपल्याकडे हा रोग पसरत नाही. धडा मात्र आपलाही आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आपण सढळ हाताने देणगी देतो. गरिबाच्या घराची भिंत लिंपायला कुणी पैसे मागितले, तर देऊ?