बँकॉकची मास्तरीण



आमच्या गडमुडशिंगीवरून उजळाईवाडीची विमाने जातात. पत्र्यावर आवाज घुमला की आमची आक्का हातातले काम टाकून दारात येते. तिची मुलगी बँकॉकला इंग्रजी शिकवते. इथून बँकॉकला विमान जात नाही, आधी रात्रभर रेल्वेने मुंबई गाठावी लागते, हे तिला सतरा वेळा सांगून झाले. तरी ती दारात येतेच.

पोरगी एम.ए., बी.एड. चार वर्षे तासिका तत्त्वावर राबली. एका अनुदानित शाळेच्या मुलाखतीत आधी आडनाव विचारले, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला ते. शेवटी देणगीचा आकडा सांगितला. आमचे भावजी घरी येऊन एवढेच म्हणाले, "एवढं असतं तर मी उसाच्या तोडीला कशाला गेलो असतो?" त्यानंतर तिने बाहेर अर्ज करायला सुरुवात केली आणि मे २०२४ मध्ये ती गेली.

नेमणूकपत्रावर साल होते २५६७. ते बघून आक्का "पोरीला फसवलं" म्हणून रडायलाच लागली. ते बुद्धवर्ष आहे. थायलंडमध्ये सरकारी कागदावर तेच लिहितात, आपल्या सनात ५४३ मिळवायचे. आपण बुद्धजयंतीच्या पत्रिकेवर तेवढे बुद्धवर्ष छापतो. तिथे विजेच्या बिलावरही असते.

तिथला दिवस कसा जातो ते तिच्याच शब्दांत सांगते. (आम्हा कोल्हापूरकडच्या बायकांचे बोलणे पुरुषी, ते तसेच ठेवले आहे.)

"मावशी, साडेसातला मी शाळेच्या फाटकात उभारतो. पोरं हात जोडून वाकत्यात. आठाला झेंडा. राष्ट्रगीताला तिथं 'फ्लेंग चात' म्हणत्यात. चात म्हणजे राष्ट्र. आणि हा शब्द कुठला, सांग? आपला पालीतला 'जाति'! कागदावर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात बी तोच शब्द. ते कळलं तवा मी फॉर्म घेऊन तसाच बसलो. आयुष्यभर त्या रकान्यानं घाम फोडला, आणि हितं त्यात लिहायचं काय, तर भारतीय."

झेंड्यानंतर मुले वंदना म्हणतात. पहिल्या दिवशी तिला काहीच समजेना, कारण 'बुद्धं' चा उच्चार तिथे 'फुत्थंग' असा. दुसऱ्या ओळीला उमगले की हे तर त्रिशरण, आणि तिनेही हात जोडले. दर रविवारी विहारात आक्का तिला ओढून न्यायची, त्याचे तिथे चीज झाले. सोबतच्या बाईंना नवल वाटले. भारतात बौद्ध आहेत हेच त्यांना माहीत नव्हते.

वर्गात पंचेचाळीस मुले. शिक्षकासमोर नम्र, पण इंग्रजीत तोंड उघडायला तयार नाहीत. चुकले तर लाज. हिला स्वतःचे बारावीपर्यंतचे मुकेपण आठवले. मग तिने उलटे केले, आपणच त्यांच्यासमोर मोडकी थाई बोलायला लागली. त्या भाषेत सुरावर अर्थ बदलतो. 'मा' सरळ म्हटले तर 'ये', उंच सुरात घोडा, खालून वर नेला तर कुत्रा. तिने एका मुलाला "ये" म्हणायच्या जागी "कुत्रा" म्हटले! वर्ग लोळून हसला. पण त्या दिवसापासून पोरे बोलायला लागली.

जेवणाचे हाल आहेतच. भाजीतसुद्धा मासळीचे खारट पाणी घालतात. पाहुरात भागात भारतीयांची दुकाने आहेत, तिथे डाळ मिळते. ज्वारीचे पीठ आणि कांदा-लसूण चटणी मात्र इथून. दर नव्वद दिवसांनी परदेशी माणसाने आपला पत्ता सरकारला कळवायचा, तोही एक ताप.

आता कडू भाग. बुद्धाचा देश म्हणजे तिथे सगळे समान, असे आपण इथे बसून समजतो. तिच्या शेजारच्या वर्गावरचा गोरा मास्तर तिच्याएवढेच तास घेतो आणि पगार जवळजवळ दीडपट उचलतो. कारण काय, तर इंग्रजी त्याची मातृभाषा. तिथे नोकरीच्या जाहिरातींत तसे उघड छापलेले असते. आमच्यासारख्यांनी वर इंग्रजीच्या परीक्षेचा दाखलाही द्यायचा. तिला नोकरी लावणारा दलाल म्हणाला, "इंग्रजी तुमची भाषा नाही." ती म्हणाली, "आमच्या घरात तिसरी पिढी आहे." ते खरे आहे. तिचे आजोबा कोल्हापूरच्या मिस क्लार्क बोर्डिंगात राहून सातवीपर्यंत शिकले. गावात तार आली की वाचायला त्यांच्याकडे यायची, अगदी ज्यांच्या उंबऱ्याच्या आत त्यांना घेत नव्हते त्यांचीसुद्धा.

मी तिला विचारले, इथले जास्त लागले की तिथले? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिथं पगार कमी देत्यात, पर माझ्या हातचं पाणी पित्यात." मला ते उत्तर पुरेसे वाटले नाही. तिलाही वाटले नसावे.

२०२५ च्या १४ एप्रिलला तिकडे सोंगक्रान होता. तो त्यांचा नववर्षाचा सण, तीन दिवस चालतो, रस्तोरस्ती पाणी उडवतात. तिने खोलीत बाबासाहेबांची तसबीर मांडून मेणबत्ती लावली. शेजारची म्हातारी सुगंधी पाण्याची वाटी घेऊन आली. थोरांच्या हातावर पाणी घालायची त्यांची रीत आहे. "हे तुझे आजोबा का?" तिने विचारले. पोरगी म्हणाली, "आचान." म्हणजे आचार्य, गुरुजी. म्हातारीने तसबिरीपुढे पाणी सोडले आणि हात जोडले.

हे सगळे ती फोनवर दाखवत होती, आणि इकडे आमची मिरवणूक ऐन रंगात. आक्का एका कानावर हात दाबून ओरडत होती, "काय म्हणतीस? ऐकू येईना!"

दुसऱ्या दिवशी फोन आला. आणखी एका वर्षाच्या करारावर सही केली, म्हणाली. भावजींनी मान हलवली. आक्काने "जेवलीस का?" एवढेच विचारले, आणि ज्वारी निवडायला बसली.