जाळं कुजत नाही, हीच आता अडचण. नवे धागे आले, पण जुन्या जाळ्यांचं काय?

मालवण : पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवसांची. या दिवसांत मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात होड्या वर ओढलेल्या असतात आणि घरोघरी पडवीत जाळी तुणायचं काम चालतं. जे तुणता येतं ते बंदी उठली की पुन्हा पाण्यात जातं. जे तुणता येत नाही ते कुठे जातं? काही माडाच्या बुडात, काही परड्यातल्या भाजीला कुंपण म्हणून, काही वाळूत तसंच. आणि काही तर आधीच समुद्रात गेलेलं असतं. मच्छीमार त्याबद्दल फार बोलत नाही. "जाळां गेलां" एवढंच म्हणतो. पुढचं जाळं कशातून उभं करायचं ही विवंचना त्याच्या डोक्यात तेव्हाच सुरू झालेली असते.

इकडे मोबाईलवर रोज नवं काही दिसतं. समुद्रात आपोआप नष्ट होणारं सूत, जुन्या जाळ्यांपासून बनवलेले गालिचे, शेवाळ न धरणारी जाळी. यातलं किती खरं आणि त्यातलं आपल्या बंदरात काय उपयोगी पडेल, हे बघायला हवं. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

सण, सूत आणि मग नायलॉन

आपल्या आज्या-पणज्याच्या काळात जाळी सणाची आणि कापसाच्या सुताची होती. दोर काथ्याचे. ही जाळी पाण्यात कुजायची, म्हणून ऐनासारख्या झाडांची साल उकळून त्या काढ्यात ती बुडवायची, मग वाळवायची. आठवड्यातले काही दिवस मासेमारीपेक्षा जाळं जपण्यातच जायचे. भिजलेली रापण ओढायला अख्खी वाडी लागायची, ती काही फक्त माशांच्या वजनामुळे नव्हे.

अमेरिकेत ड्यू पॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये नायलॉन बनवलं. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे आज आपण दोराला आणि खताच्या गोणीला वापरतो ते प्लास्टिक, इटलीत ज्युलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये तयार केलं. त्यांना १९६३ मध्ये नोबेल मिळालं. पुढच्या काही वर्षांत ही दोन्ही सुतं आपल्या किनाऱ्यावर आली. कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून जाळी आणि धागे यांवर काम करते आहे. महाराष्ट्रात आबासाहेब गरवारे यांच्या उद्योगसमूहातून जाळी-दोरांचा मोठा धंदा उभा राहिला. त्यांची पुण्यातली कंपनी आज परदेशात साल्मन मासे पाळायच्या पिंजऱ्यांनाही जाळी पुरवते.

हा धागा होतो कसा, ते समजायला शिरवाळ्यांचा साचा डोळ्यासमोर आणा. प्लास्टिकचे दाणे वितळवतात, बारीक भोकांच्या चकतीतून दाबून बाहेर काढतात, थंड करतात. इथपर्यंत शिरवाळ्याच. पण पुढे हा धागा मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणतात. ताणल्यावर आतले रेणू एका दिशेला रांगेत बसतात आणि खरी ताकद तिथे येते. एकच जाड तार काढली की तंगूस, बारीक तारा एकत्र पिळल्या की सूत.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण म्हणतो. पण सुंभ पाण्यात शेवटी कुजतो. नायलॉन कुजत नाही. मच्छीमाराला हाच गुण हवा होता आणि तो त्याला मिळाला. हलकं, पातळ, पाण्यात न दिसणारं, मजबूत. गरीब कांडाळीवाल्याचं त्यानं भलं केलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. जे लोक आज शहरात बसून नायलॉनला शिव्या देतात त्यांनी ओल्या सणाचं जाळं एकदा ओढून बघावं.

पण त्याच धाग्यानं पर्ससीनही शक्य केली. शेकडो मीटर लांब, खोल आणि तरीही यंत्राने ओढता येईल असं जाळं कापसाच्या सुताचं करून कोण वापरणार होतं? मालवणात पारंपरिक आणि पर्ससीनवाले यांच्यातला वाद आपण मासे, हद्द आणि कायदा यांवरून मोजतो. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ ला पर्ससीनवर निर्बंध आणले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दंड लाखांत नेला. या सगळ्या भांडणाच्या मुळाशी इंजिनाबरोबर हा धागाही आहे. ताकद सगळ्यांना मिळाली, पण सारखी मिळाली नाही.

जाळं म्हणजे गाळणीच

जाळ्याची गोष्ट नुसत्या धाग्याची नाही, भोकाचीही आहे. आस किती आणि कसा, यावर कोण अडकणार आणि कोण सुटणार ते ठरतं. काही वर्षांपूर्वी संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग प्रकल्पात ट्रॉलरच्या जाळ्यात मासे जमतात त्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटर चौकोनी आसाचं जाळं लावायचा प्रयोग इथे झाला. नेहमीचा शंकरपाळ्यासारखा आस ओढताना मिटतो, त्यामुळे बारकी पिल्लंही आत राहतात. चौकोनी आस ताणावरही उघडा राहतो. धागा तोच, फक्त भोकाचा आकार बदलला.

घरातली गाळणीही याच कुळातली. पाण्याच्या फिल्टरमध्ये जी पांढरी कांडी बसवतात, जिला दुकानदार स्पन म्हणतो, ती पॉलिप्रॉपिलीनची असते. वितळलेलं प्लास्टिक साच्यातून बाहेर पडतानाच त्यावर गरम हवेचा झोत मारतात. शिरवाळीच्या जागी मग कोळिष्टकासारखं जाळं तयार होतं. बाहेरून सैल, आत घट्ट, म्हणजे मोठा गाळ वर अडकतो आणि बारीक आत. बाजारातल्या बऱ्याच कांड्या ५ मायक्रॉनच्या असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. आपल्या लाल मातीच्या विहिरीचं पाणी असेल तर पावसात ही कांडी बघता बघता तांबडी होते. गाळ अडवते म्हणून ती जंतूही मारते, असा समज मात्र करून घेऊ नका.

गरम झोताची ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात निघाली. अणुचाचण्यांनंतर हवेत उडणारे किरणोत्सारी कण पकडायला त्यांना अतिबारीक तंतू हवे होते. २०२० मध्ये कोरोनात आपण तोंडाला लावलेल्या एन-९५ मास्कचा मधला थर याच पद्धतीचा. तो फक्त भोकाने गाळत नाही. त्या तंतूंना विजेचा भार दिलेला असतो आणि कण त्याला चिकटतात. म्हणूनच तो मास्क साबणाने धुतला की भार जातो आणि उरतं नुसतं कापड. त्या वर्षी कितीजणांनी तो धुऊन महिनोन् महिने वापरला, देव जाणे.

असे न विणलेले तंतुपट, नॉनवोव्हन म्हणतात ते, यांवर काम करणारं केंद्र आपल्या जवळच इचलकरंजीला डीकेटीई संस्थेत आहे. केंद्र सरकारने २०२० मध्ये तांत्रिक वस्त्रांसाठी १,४८० कोटींचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. म्हणजे ज्ञान परक्या देशात अडकलेलं नाही, पैसाही थोडाफार आहे. प्रश्न आहे तो वापरून झाल्यावरचा.

बुडतं ते आणि तरंगतं ते

नायलॉन समुद्राच्या पाण्यापेक्षा जड. सुटलं की बोयी जोवर धरतात तोवर उभं राहून मासे मारत राहतं आणि मग तळाला जातं. मालवणचा तळ खडकाळ, त्यात प्रवाळ. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग सागरी अभयारण्य झाला तो याच संपत्तीमुळे. खडकात अडकलेलं जाळं दिसत नाही, पण त्यात खेकडा अडकतो, त्याला खायला मासा येतो, तोही अडकतो. आपण न पकडलेले, न विकलेले मासे असे मरतात. हे नुकसान कुणाच्या वहीत लिहिलं जात नाही.

पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलकं. निळे-हिरवे दोर उधाणाबरोबर किनाऱ्यावर येतात ते म्हणून. उन्हाने ते ठिसूळ होतात, हातात घेतले की चुरा होतो आणि तो चुरा वाळूत मिसळतो. कासवांच्या पायांत अडकतात तेही हेच दोर.

जमिनीवरही वेगळं नाही. वानरांना आणि कोंबड्यांना अडवायला परड्याला जुनं जाळं लावायची आपल्याकडे सगळीकडे पद्धत आहे. शेतकऱ्याला ते फुकट पडतं. पण त्यात धामण अडकते, आणि उंदीर खाणारी धामण मेली की भातात आणि माडावर उंदीर कोण आवरणार? लावायचंच असेल तर जमिनीपासून वीतभर वर बांधा, खाली लोळत ठेवू नका.

नवं सूत : फुकट काही नाही

आता नव्या धाग्यांकडे येऊ. समुद्रातले सूक्ष्मजीव हळूहळू खाऊन टाकतील असं तंगूस दक्षिण कोरियात बनवलं गेलं आणि तिथल्या सरकारने अनुदान देऊन ते मच्छीमारांना वापरायला दिलं. नॉर्वेत कॉड माशांसाठी त्याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा नेहमीच्या नायलॉनपेक्षा मासे कमी लागले आणि हंगामात जाळ्याची ताकदही लवकर घटली. ही गोष्ट व्हिडिओत सांगत नाहीत. कमी मासे आणि जादा किंमत, हा भार दोन माणसांच्या होडीवाल्याने पर्यावरणासाठी उचलावा, असं म्हणणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. कोरियात सरकारने वाटा उचलला म्हणून तिथे ते पाण्यात तरी गेलं.

दुसरा रस्ता जुन्याचं नवं करण्याचा. नायलॉन-६ या जातीचा एक गुण असा की रासायनिक क्रियेने ते पुन्हा मूळ कच्च्या मालापर्यंत मोडता येतं आणि त्यातून नव्यासारखाच धागा निघतो. इटलीची ॲक्वाफिल ही कंपनी २०११ पासून स्लोव्हेनियातल्या कारखान्यात हे करते, त्यात जुनी मासेमारी जाळीही जातात. पण त्यासाठी जाळं वेगळं केलेलं लागतं. शिसं वेगळं, बोयी वेगळ्या, दोर वेगळे, वाळू झटकलेली. आपल्याकडे सगळा एकच गुंता असतो आणि गुंत्याला भंगारवाला भाव देत नाही.

ओळखायची साधी युक्ती सांगतो. धाग्याचा तुकडा पाण्यात चोळून बुडबुडे घालवा आणि बादलीत सोडा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन. बुडाला तर बहुतेक नायलॉन, क्वचित पॉलिस्टर. दोन ढीग एवढ्यानेच होतात.

जबाबदारी कुणाची?

प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत २०२२ मध्ये उत्पादकांची जबाबदारी ठरली, पण ती वेष्टनांपुरती. बिस्किटाच्या पुड्याचं प्लास्टिक परत घेण्याची व्यवस्था कंपनीने करायची. जाळं हे वेष्टन नाही, म्हणून ते सुटलं. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात मासेमारीची जाळी नावानिशी घेतली आणि २०२४ अखेरपर्यंत उत्पादकांवर त्यांची जबाबदारी टाकायला सदस्य देशांना सांगितलं. आपल्याकडे सरकारी योजनांतून सूत आणि जाळ्यांवर अनुदान मिळतं. जुनं आणून द्या आणि नव्यावर सवलत घ्या, असं मात्र बंदरात कुठे दिसत नाही. माझ्या मते हीच गाठ सोडवायला हवी. नव्या धाग्याच्या संशोधनावर खर्च होऊ दे, त्याला विरोध नाही. पण आज तळाशी आहे ते आणि उद्या पडणार आहे ते नायलॉनच आहे.

केरळात कोल्लमजवळ नींडकरा बंदरात २०१७ पासून मच्छीमार जाळ्यात येणारं प्लास्टिक किनाऱ्यावर आणतात, ते तुकडे करून रस्त्याच्या डांबरात वापरतात. तिथे बंदरातच यंत्रणा उभी केली, म्हणून माल आला.

आणखी एक गोष्ट बिनखर्चाची आहे. अमेरिकेच्या अलास्कात खेकड्यांच्या सापळ्याला कापसाच्या दोऱ्याने शिवलेली खिडकी ठेवणं सक्तीचं आहे. सापळा हरवला तर दोरा कुजतो, खिडकी उघडते, खेकडे सुटतात. म्हणजे आपण टाकून दिलेलं सूतच तिथे मुद्दाम वापरतात, कुजतं म्हणून. कांडाळीच्या बोयी बांधायला असाच सुती दोरा वापरून बघता येईल का? रोजच्या वापरात तो बदलावा लागेल, हे खरं. पण जाळं सुटलं तर बोयी लवकर मोकळ्या होतील आणि जाळं उभं राहून मासे मारणार नाही, आडवं पडेल. आधी एकदोन जुन्या जाळ्यांवर करून बघावं, दोरा किती दिवस टिकतो ते आपल्याच पाण्यात कळेल.

बाकी शेड, वजनकाटा आणि ढिगांच्या पाट्या यांना मोठा निधी लागत नाही. मच्छीमार सहकारी संस्थांच्या सर्वसाधारण सभा होतात, त्यात पुढच्या हंगामाच्या सुताबद्दल बोलणं होतंच. त्याच विषयाखाली दोन प्रश्न मांडता येतील : जुनं नायलॉन किलोमागे कोण काय भावाने घेईल, आणि सूत पुरवणारा ते परत नेईल का. मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे ठराव पाठवायचा तर किती होड्या, किती किलो सूत, दर वर्षी किती जाळी गेली, एवढी नोंद सोबत जोडावी. गेलेल्या जाळ्यांची नोंद ठेवायला या बंदीचे दिवस बरे, सगळे घरी असतात.